चार पानांचा अर्ज

अर्ज चार पानांचा होता, पाठपोट लिहिलेला. मावशींच्या भाच्याने लिहून दिला होता, अक्षर मोत्यासारखं. बँकेत तो दोनदा देऊन झाला होता आणि दोन्ही वेळा तोंडी उत्तर मिळालं होतं : कोर्टातून वारस दाखला आणा.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोर मी अर्ज लिहून आणि टाईप करून देते. त्या दिवशी आठवडी बाजार होता, बाकावर माणसं खोळंबली होती. तरी मी तो अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

वर ‘विषय : पैसे मिळणेबाबत’. खाली ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की’, आणि लगेच यजमानांचं आजारपण. दवाखान्यात कोणत्या रात्री धाप वाढली, शेवटी ते काय बोलले, मुंबईचा धाकटा दीर दहाव्यालासुद्धा कसा आला नाही, पाटाकडेच्या वावरावरून भावाभावांचं बोलणं कसं तुटलं. ठेवीचा उल्लेख तिसऱ्या पानाच्या तळाशी, तोही पावती क्रमांकाशिवाय.

एक गोष्ट मी या टेबलावर बसून शिकले आहे. पत्र ज्याच्या नावाने लिहितो, तो ते पहिल्यांदा उघडत नाही. साहेबांच्या नावाचा अर्ज आधी आवक-जावक बघणाऱ्याच्या हातात पडतो. तो विषय वाचतो, संदर्भ वाचतो, कोणत्या टेबलाकडे पाठवायचा ते कोपऱ्यात लिहितो आणि पुढचा कागद उचलतो. त्याच्यापुढे गठ्ठा असतो, त्यात त्याचा दोष नाही. ‘पैसे मिळणेबाबत’ एवढ्यावरून त्याने तो कागद कोणाकडे पाठवावा? कर्ज मागणाराही पैसेच मागतो आणि पेन्शन अडकलेलाही.

मी म्हटलं, “मावशी, ठेवीची पावती आणली का?”

प्लॅस्टिकच्या पिशवीतून पासबुक, मृत्यू दाखला, आधार कार्ड आणि पावती निघाली. सोबत दोऱ्याने बांधलेला जुन्या कागदांचा एक पुडकाही. पावतीवर बारीक छापात ‘नॉमिनेशन रजिस्टर्ड’ असं होतं आणि त्यापुढे मावशींचं नाव. चार पानांत हे एक वाक्य कुठेच नव्हतं.

ठेवीला नॉमिनी नोंदवलेला असेल, तर बँकेने वारस दाखल्यासाठी अडवून धरायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगून ठेवलं आहे. बँकिंग रेग्युलेशन अॅक्ट, १९४९ च्या कलम ४५ झेडए प्रमाणे नॉमिनीला रक्कम दिली की बँकेची जबाबदारी संपते. वारसांचा आपसातला हक्क त्याने बुडत नाही, तो वेगळा राहतो. कागदपत्रं पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असतो.

मग मी टाईप केलं. विषयात यजमानांचं नाव, ‘मुदत ठेव पावती क्रमांक’ आणि ‘रक्कम नॉमिनीस मिळणेबाबत’. खाली पाच वाक्यं. ठेवीदार अमुक तारखेस मयत झाले. वरील पावतीवर माझ्या नावाचं नॉमिनेशन नोंदलेलं आहे. बँकेचा दावा फॉर्म भरून मृत्यू दाखला व ओळखपत्र यांच्या प्रतींसह जोडला आहे. रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. जमा करता येत नसल्यास कारण लेखी कळवावे.

ते शेवटचं वाक्य मी कुठल्याच अर्जात सोडत नाही. तोंडी नकार द्यायला काही लागत नाही. लेखी नकाराखाली सही करावी लागते, आणि सही करण्याआधी माणूस नियम उघडून बघतो.

दोन प्रती काढल्या. एक बँकेला, दुसरीवर तारीख, शिक्का आणि सही घेऊन परत आणायची. शिक्का देत नसतील तर टपालाने पाठवायचा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तरी लोक अजून ‘रजिस्टर करा’ म्हणतात. म्हणा काहीही, पोचपावती मात्र मागून घ्या. तरीही पैसे अडलेच, तर बँकेकडे लेखी तक्रार द्यायची, आणि तिला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. तिथे अशा शिक्क्याच्या प्रतीच कामाला येतात.

मावशींनी कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली. “एवढंच? आन् माजं बाकीचं समदं कुटं गेलं?”

हा प्रश्न मला पुष्कळदा विचारला जातो, बहुतेकदा रागाने. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी ती चार पानं पुन्हा उघडली आणि विचारलं, “मावशी, हे सगळं बँकेनं ऐकावं असं वाटतंय, की दुसऱ्या कुणी?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग पुडक्याचा दोरा सोडला. आत मनिऑर्डरची कुपनं होती. दीर परळच्या गिरणीत लागला, तेव्हापासून दर महिन्याला थोरल्या भावाला पैसे पाठवायचा. फॉर्मच्या खाली निरोपापुरती जागा असते, तेवढ्यात त्याने बसवलेलं : ‘वहिनीस नमस्कार. बैलास पेंड आणणे.’ ‘वहिनीस नमस्कार. येत्या पंधरवड्यात येतो.’ जानेवारी १९८२ चा गिरणी संप झाला आणि कुपनं तिथेच थांबली. मावशींनी ती सगळी जपून ठेवली होती.

चार पानांचं ते पत्र दिराचं होतं. पत्ता तेवढा बँकेचा पडला होता.

बाकावरच्या लोकांना मी जेवून या म्हणून सांगितलं. पोस्टातून अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र आणवलं. टाईप करू का विचारलं, तर मावशी म्हणाल्या, “मिशनीवर नगं. नोटीस आली आसं वाटंल.” अगदी बरोबर होतं त्यांचं. भांडण झालेल्या घरात छापील कागद गेला की आधी वकील आठवतो.

मी विचारलं, “घरात वाचणार कोण?” दिराची नजर अधू झालेली. जाऊबाईंना वाचता येत नाही. म्हणजे नातू वाचणार, इंग्रजी शाळेतला, मराठी अडखळत वाचणारा. आणि मोठ्याने वाचणार, सुनेसमोर, चाळीतल्या शेजाऱ्यांच्या कानावर जाईल असं. घरगुती पत्र आपण एका माणसाला लिहितो आणि ऐकतं सगळं घर. वावराच्या भांडणात दीर काय बोलला होता ते नातवाच्या तोंडून वदवायचं का? मावशींनी मान हलवली. ती दोन पानं त्यांनी स्वतः बाजूला काढली.

मायना काय घालायचा? वडिलांना किंवा आईला तीर्थरूप, इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, बरोबरीच्याला सा. न. वि. वि., धाकट्याला चिरंजीव आणि अनेक आशीर्वाद. ही उतरंड आता कुणी पाळत नाही, मला मात्र ती प्रिय आहे, कारण पहिल्याच ओळीत आपण कोण कोणाचे ते ठरून जातं. दीर सत्तरीचा, पण मावशी लग्न होऊन आल्या तेव्हा तो चड्डीत शाळेला जायचा. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “चिरंजीव लिवा.”

मोठ्या अक्षरात, लहान वाक्यं लिहिली. भाऊ कसा गेला, त्या रात्री सोबत कोण होतं, त्रास फार झाला नाही. शेवटी त्याने धाकट्याचं नाव घेतलं, हे मावशींच्याच शब्दांत. मी सुचवलं, इथे काही मागू नका, वावराचं काढू नका. तक्रारसुद्धा एक मागणीच असते. त्यांनी ऐकलं. ‘दहाव्याला आला नाहीस’ ही ओळ मी गाळू म्हणत होते, ती मात्र त्यांनी गाळू दिली नाही. “त्ये ऱ्हाऊ द्या. त्याला म्या बोलणारच.” वाचून दाखवल्यावर मला पटलं. ती ओळ नसती तर पत्र परक्याचं वाटलं असतं. घड्या घालण्याआधी त्यांनी खाली सही केली, सावकाश.

बँकेची रक्कम महिना संपायच्या आत खात्यात आली, कोर्टाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

दीर वर्षश्राद्धाला आला. दुसऱ्या दिवशी दोघं माझ्यासमोर बाकावर बसले होते. वावराची आपसात वाटणी करायची ठरली होती. मी विषय टाईप केला : ‘महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ८५ अन्वये सहमतीने वाटप करून मिळणेबाबत’. या अर्जावर सातबाऱ्यावरच्या सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. उताऱ्यावर नणंदेचंही नाव होतं, ती पंढरपूरकडे दिलेली, आणि तिच्याशी दोघांचंही बोलणं नव्हतं. मावशींनी दिराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ताई, हे हाताने लिहा,” दीरच म्हणाला.

मी लॅपटॉप मिटला आणि विचारलं, तिकडे वाचणार कोण?