गुळाचा चहा आणि सिंगफोंची आठवण

आज पहाटे रंकाळ्यावरून फिरून परत येताना शिवाजी पेठेत आत्याकडे थांबलो. तिने गुळाचा चहा केला. पाणी, आले आणि चहापूड उकळल्यावर गूळ विरघळवून तिने गॅस बंद केला आणि वेगळे तापवलेले दूध शेवटी ओतले. गूळ घालून दूध उकळत ठेवले तर ते फाटते, हे तिला तिच्या सासूबाईंनी शिकवले होते.

तो कप हातात असताना मनात आले की आपण ज्याला घरचे पेय म्हणतो, ते घराघरांत पोहोचून फार काळ लोटलेला नाही. ‘चहा’ हा शब्दच चिनी ‘चा’वरून आलेला. आसामातील सिंगफो लोक मात्र इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून तिथल्या रानातील चहाची पाने वापरत होते आणि त्यांच्याकडूनच १८२३ साली स्कॉटिश व्यापारी रॉबर्ट ब्रूस यांना त्या झाडाची माहिती मिळाली. शोधाचे श्रेय सांगताना सिंगफोंचे नाव मागे पडते, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुढे १८३९ मध्ये आसाम कंपनी स्थापन झाली. पण मळ्यांतला बहुतेक माल परदेशी जाई आणि सामान्य भारतीयाला चहाची सवय लागली ती विसाव्या शतकातल्या जोरदार प्रचारानंतर.

आत्याच्या सासूबाईंच्या लहानपणी पाहुण्यांपुढे गूळ-पाणी ठेवत असत. आज त्याच कोल्हापुरी गुळाचा चहा पुढे येतो. मी दुसरा कप मागून घेतला.