रोस्ट डेट बघितली, पण शेवटी

कॅफेसाठी एस्प्रेसोचे बीन्स निवडणं म्हणजे लोकांना वाटतं मजा आहे, चार घोट घ्यायचे आणि एकावर बोट ठेवायचं. खरं तर निम्मा दिवस ग्राइंडरशी भांडण्यात जातो. प्रत्येक बॅगेला ग्राइंड वेगळा, आणि बीन्स बदलले की आधीची पावडर आत अडकलेली असते त्यामुळे पहिले दोन-तीन शॉट सरळ सिंकमध्ये.

तीन बॅगा होत्या. 18 ग्रॅम पावडर (डोस), त्यातून 36 ग्रॅम कॉफी (शॉट), 25 ते 30 सेकंदात, इथून सुरुवात. ब्राझील पहिल्या फटक्यात बसली, चॉकलेट, बदाम, बाकी काही नाही. मग इथिओपिया, वॉश्ड (फळाचा गर धुऊन काढलेली), लाइट रोस्ट (हलकी भाजलेली), माझी आवडती. तिने रडवलं. 19 सेकंदात धो धो खाली, बारीक केलं तर मशीन चोक, थोडं मोकळं केलं तर एका बाजूने पिचकारी. चव आंबट आणि पोकळ. मालक म्हणाले, "लिंबू पिळलंस का रे यात?" तिसरा ब्लेंड, म्हणजे मिश्रण, थोडा रोबस्टा (कॉफीची एक जात) असलेला, जाड क्रेमा (शॉटवरचा फेस), मालक खूश. (क्रेमा बघून कॉफी ठरवणारी माणसं मला झेपत नाहीत, रोबस्टा घातला की तो जाड येतोच, चवीशी त्याचा काय संबंध.) ब्लेंडची ऑर्डर गेली.

संध्याकाळी ग्राइंडरचा हॉपर पुसताना बॅगा उलट्या करून रोस्ट डेट, म्हणजे बीन्स भाजल्याची तारीख, बघितली. ब्लेंड 13 दिवसांचा आणि इथिओपिया फक्त 4 दिवसांची! म्हणजे आत कार्बन डायऑक्साइड ठासून भरलेला, तो पाण्याला नीट शिरूच देत नाही, आणि लाइट रोस्टला तर दोन आठवडे तरी मुरू द्यावं लागतं. तारीख बघणं माझं काम होतं. बोललो नाही कुणाला.

दहा दिवसांनी तीच बॅग परत लावली. 29 सेकंद, मोगऱ्यासारखा वास, गोडवा. न सांगता मालकांपुढे ठेवला, त्यांनी कप रिकामा करून विचारलं, "हे कुठलं?" तेव्हा सगळं सांगितलं. ते जरा गप्प बसले, मग म्हणाले, "आता दुधात टाकून दाखव."

टाकलं. 150 मिली दुधात पत्ताच लागेना, कोमट दूध प्यायल्यासारखं. आणि आपल्याकडे दहातले आठ कप दुधाचेच जातात. म्हणजे ब्लेंडच बरोबर होता का? असेलही, पण तो निवडला गेला क्रेमामुळे आणि माझ्या चुकीमुळे, हे काही डोक्यातून जात नाही.

बॅगेत अजून पाव किलोभर उरलेत. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी एक शॉट काढतो, स्वतःपुरता.