कादवेच्या थडीवरचा खड्डा, पावसाळा सरल्यानंतरची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की मामाच्या शेतातली माती बहुतेक व्हर्टिसॉल (भिजली की फुगणारी, सुकली की भेगाळणारी भारी काळी) निघणार आणि निचरा खराब आहे, कारण चाळीस सेंमीवरच करडा रंग दिसतोय. ती नोंद अर्धी चूक होती. मधे एक अख्खा पावसाळा गेला, जमिनीत पुरलेल्या पाइपातली पाण्याची पातळी मोजून वही भरली, खड्डा परत साफ करून रंग परत वाचले आणि चित्र बरंच बदललं, म्हणून आज निवांत बसून सगळं लिहून काढतोय.

नवीन जोडले गेलेत त्यांच्यासाठी जागा थोडक्यात सांगतो. निफाड तालुका, पालखेड धरणाच्या खालच्या बाजूला, कादवेच्या काठावर मामाची जमीन आहे. नदीला लागून खालची थडी आहे, तिथे मोठ्या पावसात पाणी चढतं, आणि तिथून एक ठळक चढ चढून आलं की सपाट पट्टा लागतो त्याला घरचे वरची थडी म्हणतात. हीच आपली नदीची पायरी. एके काळी हाच पूर यायचा पट्टा होता, मग नदी आणखी खोल कापत गेली आणि हा वरच राहून गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत गोदावरी घराघरात शिरली तेव्हाही या पट्ट्यावर पाणी आलं नव्हतं, मामा तेव्हा रात्रभर इथेच होता. मामा या जमिनीला मळईची (पुराच्या गाळाची) म्हणतो, आणि वर बाभळीपलीकडे जी आहे ती भारी काळी. त्याच्या डोळ्यात हा फरक पहिल्यापासून होता, मला तो दिसायला खड्डा खणावा लागला.

खड्डा उन्हाळ कांदा निघाल्यावर खणला, दीड मीटर खोल, कुदळ-पहार-घमेल्याने, जेसीबी मुद्दाम लावला नाही कारण बकेटने भिंत चोपली जाते आणि मातीची घडण काही दिसत नाही. सुरीच्या टोकाने भिंत वरपासून खालपर्यंत टोकरून घेतली म्हणजे ढेकळं आपापल्या नैसर्गिक फटीत सुटतात, आणि मग थर आपणहून वेगळे दिसायला लागतात.

वरचे वीस सेंमी म्हणजे नांगरटीचा थर, ओला असताना १० वायआर ३/२ (मन्सेलच्या रंगपुस्तकातली खूण: आधी छटा, मग व्हॅल्यू म्हणजे उजळपणा, शेवटी क्रोमा म्हणजे रंगाचा ठसठशीतपणा), रिबन, म्हणजे ओली माती बोटांत दाबून निघणारी पट्टी, साधारण चार सेंमी निघते, म्हणजे क्ले लोम (मध्यम चिकण माती). त्याखाली ५८ पर्यंत तोच रंग पण माती जास्त चिकट, रिबन सहा सेंमीपर्यंत जाते, कडेकडेने सुबक चौकोनी ढेकळं, अॅसिडचा थेंब टाकला की बारीक फुसफुस, म्हणजे थोडा चुना. मग ५८ ते १०४ हा थर, आणि खरी मजा इथेच आहे, यावर खाली सविस्तर येतो. १०४ ते १२८ मधे चुनखडीच्या गाठी, हरभऱ्यापासून बोराएवढ्या, अॅसिड टाकलं की फेस उभा राहतो. आणि १२८ च्या खाली एकदम गोल गोटे, काळा बेसाल्ट, मधे मधे पांढऱ्या गारगोट्या, जाड वाळू. हे नदीचं जुनं पात्र. वरची बारीक माती पुराने आणून टाकलेली, खालचे गोटे वाहत्या धारेने, म्हणजे दोन वेगळ्या प्रकारे साचलेला माल एकावर एक बसलाय, म्हणून खालच्या थराच्या नावाआधी २ हा आकडा लावायचा. पुरातत्त्वज्ञ सांकलियांना नाशिकशेजारच्या गंगापूरजवळ गोदावरीच्या अशाच गोट्यांच्या थरात अश्मयुगीन हत्यारं सापडली होती, त्यामुळे मी प्रत्येक गोटा दोनदा फिरवून बघितला, अजून तरी काही नाही.

(अॅसिडबद्दल एक सांगतो कारण मागच्या वेळी दोघांनी विचारलं होतं. पातळ करताना पाण्यात अॅसिड ओतायचं, अॅसिडमध्ये पाणी कधीच नाही, आणि डोळ्याला चष्मा पाहिजेच.)

आता रंगाचा मुद्दा, कारण माझी चूक इथेच झाली. एप्रिलमध्ये मी चाळीस सेंमीवर "करडं, क्रोमा २" असं लिहून ठेवलं आणि त्यावरून ठरवून टाकलं की इथे पाणी तुंबतं. दोन गोष्टी हुकल्या. एक तर मी रंग वाचले संध्याकाळी साडेपाचला, शेजारच्या शेडनेटच्या सावलीत, आणि ढेकूळ नीट ओलं केलेलं नव्हतं. मन्सेलचं पुस्तक असं वापरायचंच नसतं, सूर्य पाठीमागे पाहिजे, थेट उजेड पाहिजे आणि माती एवढी ओली की आणखी पाणी टाकलं तरी रंग बदलू नये. दुसरी चूक मोठी. बेसाल्टवरून आलेल्या आपल्या मातीत कमी क्रोमा हा जन्मतःच असतो. बारीक चिकणमाती आणि तिला घट्ट धरून बसलेला थोडासा सेंद्रिय अंश यानेच माती काळी-करडी दिसते, त्याचा पाण्याशी संबंध असेलच असं नाही. पाणी तुंबल्याची खूण म्हणजे जिथून लोह निघून गेलंय असा फिकट डाग, व्हॅल्यू ४ किंवा जास्त आणि क्रोमा २ किंवा कमी, आणि त्याच्या आजूबाजूला तेच लोह परत बसून झालेला गंजाचा डाग. जोडी बघायची. नुसता करडेपणा बघून निकाल दिला तर अख्खा नाशिक जिल्हा दलदल ठरेल.

दिवाळीनंतर सकाळी दहाच्या उन्हात परत बसलो तेव्हा चाळीसवर गंज नाही, फिकट डाग नाही, नुसती एकसारखी ३/२. ५८ च्या खाली मॅट्रिक्स, म्हणजे मातीचा मुख्य रंग, ४/३ होतो आणि ६० च्या आसपास पहिले तांबूस ठिपके दिसतात, ७.५ वायआर ४/६, मोहरीपासून तुरीच्या दाण्याएवढे, ढेकळाच्या आत. सोबत काळ्या गोळ्या, नखाने दाबल्या की फुटतात. मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबभर टाकलं तर गोळी लगेच खदखदली, आजूबाजूची माती शांत, म्हणजे मॅंगनीज. आणि खरे फिकट डाग कुठे आहेत? ८२ वर. एका मेलेल्या मुळाच्या भोकाभोवती, पेन्सिलीएवढी जागा, आतून राखेसारखी ५/२ आणि बाहेरच्या कडेला बारीक नारिंगी वर्तुळ. मी ते ढेकूळ तळहातावर घेऊन बराच वेळ नुसतं बघत बसलो होतो. मुळी सडताना तिथल्या जिवाणूंनी ऑक्सिजन संपवला, मग लोह विरघळलं, दोन-चार मिलिमीटर सरकलं आणि हवा भेटली तिथे परत गंजलं, ही सगळी हालचाल त्या एका भोकात लिहिलेली आहे.

पाइपाची गोष्ट. दीड इंची पीव्हीसी, खालच्या भागाला भोकं, त्यावर कापड गुंडाळून, भोवती वाळू आणि वरून चिकणमातीचं बूच म्हणजे पावसाचं पाणी पाइपाच्या कडेने खाली जाऊ नये. पहिला पाइप जूनच्या सुरुवातीलाच रोटाव्हेटरखाली गेला, दुसरा बांधाजवळ बसवला, आणि पाटापासून मुद्दाम लांब. निचऱ्याचा वर्ग ठरवताना जमिनीची मूळची स्थिती बघायची असते, आपण दिलेलं पाणी धरायचं नसतं, अपवाद एवढाच की त्या पाण्याने मातीची घडणच बदललेली असेल. मामेभाऊ दर तिसऱ्या दिवशी बारीक नळी सोडून फुंकायचा, बुडबुड्याचा आवाज आला की नळीवर बोट ठेवून टेपने मोजायचं, बस, यापेक्षा भारी यंत्र लागत नाही.

जुलैच्या मध्यापर्यंत पाइप कोरडा. जुलैच्या शेवटी पाणी ९५ वर आलं. ६ ऑगस्ट ते ३१ ऑगस्ट, म्हणजे २६ दिवस, प्रत्येक वाचनात पाणी ५८ ते ९३ च्या मधेच. ५८ हे सगळ्यात वरचं वाचन, एकाच दिवसाचं, त्या आठवड्यात पावसाने उसंतच दिली नव्हती. सप्टेंबरमध्ये खाली-वर होत राहिलं, आणि घटस्थापनेनंतर ११८ च्या खाली गेलं ते गेलंच.

आता हे पुस्तकाशी लावून बघा. अमेरिकी कृषी खात्याच्या सॉइल सर्व्हे मॅन्युअलच्या हिशोबात पाणी वर्षातल्या काही काळात ५० ते १०० सेंमीवर येऊन थांबत असेल तर तो मध्यम चांगला निचरा. २५ ते ५० वर आलं असतं तर काहीसा खराब, आणि १०० च्या खालीच राहिलं असतं तर चांगला. आपलं बरोबर मधे बसलं. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, चिबड नाहीच ही, पण श्रावणात वापसा यायला वरच्या जमिनीपेक्षा चार दिवस जास्त लागतात, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." सांगितलं होतं खरंच, माझ्या वहीत पहिल्या पानावर ते वाक्य आहे, मी त्याला आकड्याइतकं वजन दिलं नव्हतं.

एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. पाणी ५८ ला पोचतं तर फिकट डाग ८२ पासूनच का? लोह विरघळायला नुसतं पाणी पुरत नाही, जिवाणूंना खायला सेंद्रिय कर्ब पाहिजे आणि पाणी साचून हवा संपलेली पाहिजे. इथे वरच्या थराचाच सेंद्रिय कर्ब रिपोर्टमध्ये ०.४८ टक्के आलाय, खाली तर आणखी कमी असणार. सामू ८.१, आणि इतक्या चुन्याच्या मातीत लोह सहज विरघळत नाही. शिवाय मला वाटतं खालच्या गोट्यांमधून पाणी नदीकडे सरकत राहतं, म्हणजे थोडा ऑक्सिजन घेऊनच फिरत असावं. म्हणून माती भिजलेली पण कोंडलेली नाही.

आणि त्या ०.४८ ने आणखी एक दार बंद केलं. रंग बघून कोणीही म्हणेल मॉलिसॉल (वरचा जाड थर गडद आणि कसदार असलेली माती), ५८ सेंमीपर्यंत गडद, चुना भरपूर. पण त्या गडद वरच्या, म्हणजे मॉलिक थराला किमान ०.६ टक्के कर्ब लागतो. काळी दिसते म्हणून माती कसदार असते असं नाही हे आपण शेतात रोज ऐकतो, वर्गीकरणातही तेच आडवं आलं.

व्हर्टिसॉलही गेला. मे महिन्यात भेगा होत्या, आठ मिलिमीटर रुंद, तार सोडली तर ४५ सेंमी आत गेली. पण घसरपृष्ठं, म्हणजे ती तिरकी चकाकणारी चरे पडलेली पृष्ठं, १०० सेंमीच्या आत किमान २५ सेंमी जाडीच्या थरात लागतात. आपल्याकडे ४५ ते ५५ मधे जेमतेम दहा सेंमी. बाभळीपलीकडच्या काळीत मात्र हाताने ढेकूळ फोडलं तरी ती पृष्ठं चमकतात, तिथे पुढच्या उन्हाळ्यात खणायचंच आहे.

मग उरतो इन्सेप्टिसॉल (थर नुकते घडू लागलेली तरुण माती), त्यात उस्टेप्ट (मोसमी पावसाच्या कोरडसर भागातला), त्यातही हॅप्लुस्टेप्ट (साधा, खास थर नसलेला). चुनखडीचा थर १०४ वर सुरू होतो, १०० च्या आत असता तर कॅल्सिउस्टेप्टचा (चुनखडीवाल्या उस्टेप्टचा) विचार करावा लागला असता. उपगटावर मी अडकलोय. अॅक्विकसाठी (पाणी तुंबून हवा संपणारी माती) फिकट डाग ७५ सेंमीच्या आत लागतात, आपले ८२ वर, त्यामुळे तो नाही. ऑक्सिअॅक्विकसाठी (भिजलेली, पण हवा न संपलेली माती) १०० सेंमीच्या आत सलग २० दिवस किंवा एकूण ३० दिवस माती भिजलेली पाहिजे, ते २६ दिवसांत बसतं. पण किल्लीत, म्हणजे नावं क्रमाने तपासायच्या यादीत, व्हर्टिक (व्हर्टिसॉलकडे झुकणारा) त्याच्या आधी येतो, आणि आधी जे लागू होईल तेच नाव. घसरपृष्ठं किमान १५ सेंमी थरात पाहिजेत, दहाच आहेत, पण पर्यायी अट अशी की वरच्या १०० सेंमीचं एकूण रेषीय फुगणं (सुकलेली माती भिजल्यावर लांबीत जेवढी वाढते ते) ६ सेंमी किंवा जास्त असलं तरी व्हर्टिक.

म्हणून कांडीची टेस्ट केली. मातीचा लगदा सिरिंजमधून दाबून १० सेंमीची कांडी काढायची, सावलीत सुकवायची, परत मोजायची. मधल्या थराची कांडी सुकून ९.३५ झाली, म्हणजे सुकलेल्या लांबीच्या मानाने फरक ०.०७. वरच्या थराला ०.०६, खालच्याला ०.०५५. जाडीने (२०, ३८ आणि १०० पर्यंतचे ४२ सेंमी) गुणून बेरीज केली तर १.२ अधिक २.६६ अधिक २.३१, एकूण ६.१७. रेषेच्या जेमतेम वर! आणि लगदा केलेली माती नैसर्गिक ढेकळापेक्षा जास्तच आकसते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे ६.१७ वर मी विश्वास ठेवून व्हर्टिक म्हणायला तयार नाही. न मोडलेली ढेकळं घेऊन मोजायचं ठरवलंय, कोणी घरी मेण लावून आकारमान मोजलं असेल तर पद्धत सांगा, माझं मेण दोनदा तडकलं.

अजून एक अडचण आहेच, किल्लीत सगळीकडे "सर्वसाधारण वर्षात" असं लिहिलेलं असतं आणि माझ्याकडे एकाच वर्षाचं पाणी आहे, तेही दर तिसऱ्या दिवसाचं. तोवर वहीत असं लिहिलंय: हॅप्लुस्टेप्ट, ऑक्सिअॅक्विक किंवा व्हर्टिक, निचरा मध्यम चांगला.

मामाला या पट्ट्यावर द्राक्ष लावायचंय, त्याला नावाशी घेणं नाही, त्याला त्या २६ दिवसांशी आहे. ऑगस्टमध्ये साठ सेंमीच्या खाली पांढरी मुळी टिकणार नाही, पण ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपर्यंत पाणी बरंच खाली गेलेलं असतं. मी वही दाखवल्यावर त्याने बेड उंच घ्यायचे आणि नदीच्या बाजूने एक चारी काढायची ठरवली, खोली किती ठेवायची ते विचारायला परवा फोन होता. मी म्हटलं गोट्यांचा थर १२८ वर आहे, चारी तिथपर्यंत नेली तर पाणी आपोआप सुटेल पण उन्हाळ्यात ओल टिकणार नाही, त्यामुळे मीटरभरच ठेव आणि पुढच्या ऑगस्टला आकडे बघून ठरवू.

पाइप तिथेच ठेवलाय. यावेळी त्याला लाल फडकं बांधून शेजारी दगड रोवलाय, ट्रॅक्टरवाल्याला जागा दाखवून आलोय. खालच्या थडीवर दुसरा पाइप मे महिन्यात बसणार, तिथलं पाणी आणि वरचं पाणी एकाच दिवशी मोजून इथे टाकतो.