मेकॅनिक दारी आला, पण उतार आडवा आला

लांबलचक उतार संपताना सिग्नल लाल झाला. ब्रेक दाबला तर पेडल पार खाली गेलं, जणू उशीवर पाय ठेवला. गाडी थांबली, पण पुढच्या गाडीला टेकता टेकता. डाव्या चाकातली चिरचिर मी आठवडाभर रेडिओचा आवाज वाढवून टाळत होते, हेही सांगून टाकते.

बाजूला घेऊन अर्धा तास थांबले, तर पेडल पुन्हा कडक! रखडत घर गाठलं, पण त्याच गर्दीतून गॅरेजला जायची छाती होईना. म्हणून घरी येणाऱ्या मेकॅनिकला फोन केला. त्याने गाडीचं मॉडेल विचारलं, चिरचिर कधी येते ते विचारलं आणि मग, "जागा सपाट आहे ना?"

आमच्या दारातला रस्ताच उताराचा. "मग तिथे चाक उचलणार नाही, ताई. मागचं एक चाक उचललं की हँडब्रेक एकाच चाकाला धरतो." शेवटी शेजाऱ्यांची पार्किंगची जागा दोन तासांसाठी मागून घेतली.

पुढचं डावं चाक निघालं. चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून दाबणारे ब्रेक पॅड दिसले: बाहेरचा 6 मिलिमीटर, आतला जेमतेम 2. पॅड बदलले की झालं, असं मला वाटलं. त्याने कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा चिमटा, हलवून दाखवला: तो ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून जाम झाली होती. पाय काढला तरी पॅड डिस्कला घासतच राहायचा. डिस्क तापून निळसर पडली होती.

"आणि ब्रेक ऑइल कधी बदललंत?" चार वर्षं झाली होती. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे, 3.7 टक्के पाणी मुरल्यावर मात्र तीच मर्यादा 155. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय खाली जातो. थंड झाल्यावर पेडल कडक का झालं, ते आत्ता कळलं.

डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापाच्या वर निघाली, म्हणून वाचली. पॅड मात्र दोन्ही बाजूंचे बदलले, नाहीतर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. पिन साफ करून ग्रीस लागलं.

ऑइल बदलून ब्रेकच्या नळ्यांतली हवा, म्हणजे एअर, काढताना मी पेडलवर. "दाबा... धरा... सोडा." एकदा त्याने चाकाजवळचं निपल (ऑइल बाहेर सोडायचं तोंड) बंद करण्याआधीच मी पाय उचलला, हवा आत गेली, ते चाक पुन्हा पहिल्यापासून. तो काही बोलला नाही. नळीतून काळपट ऑइल जाऊन स्वच्छ येईपर्यंत त्याच्याइतका धीर मला नव्हता!

निघण्याआधी गाडी जागेवरच ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबायला लावलं, कारण नवे पॅड घालताना कॅलिपरमधले पिस्टन आत ढकललेले असतात. मग रिकाम्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून 10 पर्यंत, आठ-दहा वेळा, मध्ये डिस्क गार होऊ देत. नवे पॅड डिस्कशी असे जुळवून घ्यावे लागतात.

दुसऱ्या दिवशी तोच उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. आधी मी ब्रेकवर पाय ठेवूनच उतरायचे. आता पुढे अंतर सोडायचं, गरज पडली की ठामपणे दाबायचं आणि पाय पूर्ण काढायचा. त्या अंतरात दोन गाड्या घुसल्या, मागचे हॉर्न वाजवत राहिले. वाजवू दिले.

खाली थांबून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेला. ऊब सारखीच होती.