मामांनी आणलेली फुलबाज्यांची खोकी

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मुलीचे मामा दोन मोठी खोकी घेऊन कार्यालयात आले. "ताई, रिसेप्शन संपलं की पाहुणे दोन्ही बाजूंना फुलबाज्या धरून उभे राहतील आणि मधून जोडी गाडीकडे जाईल. भाचीची फार हौस आहे."

मी पुण्यात लग्नांचं व्यवस्थापन करते. फटाक्यांचा विषय निघाला की खोकं आधी हातात घेते. मामा म्हणाले, "फुलबाजीला कसला आलाय कायदा? तिचा आवाज तरी होतो का?"

हे सगळेच विचारतात. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत आवाजाचे फटाके वाजवायचे नाहीत, एवढंच लोकांच्या कानावर असतं. शेजारी प्रसूतिगृह होतं, पण फुलबाजी त्या नियमात अडकत नव्हती. मामांचं तेवढं बरोबर होतं.

मी मोबाईलच्या उजेडात खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. घटकांमध्ये चक्क बेरियम नायट्रेट! सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये फटाक्यांतल्या बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली आणि लग्नकार्यालाही हरित, म्हणजे कमी प्रदूषण करणारे फटाकेच चालतील, असं त्याच आदेशात सांगितलं. हरित फटाक्यांवर नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेचा हिरवा लोगो आणि क्यूआर कोड असतो, तो खोक्यावर शोधूनही सापडला नाही. मामांना अक्षरं दाखवली, तसा त्यांचा चेहरा उतरला. साताऱ्याहून मुद्दाम आणली होती हो त्यांनी. मलाही वाईट वाटलं, पण नाही म्हणजे नाहीच.

मग पोलीस ठाण्यात फोन केला. पोलिसांचे मनाई आदेश शहरागणिक, महिन्यागणिक बदलतात. मागच्या लग्नाला चाललं म्हणून या लग्नाला चालेलच असं नाही. तेव्हा तसा आदेश नव्हता. कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी मांडवात साफ नकार दिला, फाटकाजवळच्या मोकळ्या जागेला होकार दिला. ते योग्यच होतं. फुलबाजीची ठिणगी हजार अंशांच्या घरात तापते, आणि मांडवाचे पडदे पेटायला किती वेळ लागतो?

सकाळी परवानाधारक दुकानातून लोगो असलेल्या फुलबाज्या आणल्या, कोड स्कॅन करून पाहिला. रात्री जोडी निघाली तेव्हा पैठणीवाल्या मावश्या आणि लहान मुलं मागे, हात लांब धरणारे तरुण पुढे. विझलेल्या तारा पाण्याच्या बादलीत टाकायचं काम मामांनी स्वतःकडे घेतलं आणि एकही तार जमिनीवर पडू दिली नाही.

जुनी खोकी त्यांनी दुकानदाराला परत केली. ती पुन्हा दुसऱ्या कुणाच्या लग्नासाठी विकली गेली असतील, याची रुखरुख मला अजून आहे.