तुम्ही विचारलंत म्हणून: टाके वाढतात कुठून?

"24 टाके घातले होते. पंधरा-वीस ओळी झाल्यावर मोजले तर 27! मी तर एकही वाढवला नाही." विणायला नुकतंच बसलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न. त्याच्या पाठोपाठ शंका येते, लोकर खराब आहे का?

लोकर खराब नसते, पण शिकायला अडचणीची असू शकते. तेवढं आधी उरकून घेऊ. फिक्या, एकाच रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर घ्या. दुकानात 'डबल निटिंग' म्हणून मागा, 50 ग्रॅमचा एक गुंडा पुरतो. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. केसाळ लोकर उसवताना गुंतते, आणि शिकताना उसवणं रोजचंच असतं. सुया 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिमी जाडीच्या. आपल्याकडचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत, आकडा वाढला की सुई बारीक होते: 10 नंबर 3.25 मिमी, 12 नंबर 2.75 मिमी. अमेरिकन नंबर उलट चालतात, तिथली 8 नंबरची सुई 5 मिमीची. व्हिडिओ बघून विणणारे इथेच फसतात. नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

घरात बाळ येणार म्हटल्यावर सुया हातात घेणारे पुष्कळ, त्यामुळे पहिल्याच दिवशी टोपडं विणायचं असतं. टोपड्याला टाके घटवावे लागतात. आणि जिथे न मागता टाके वाढतायत, तिथे मुद्दाम घटवलेले कसे मोजणार? आधी एक चौकोन विणा. 24 टाके, 48 ओळी, सगळ्या सुलट.

टाके घालताना लोकरीचं साधारण अर्धा मीटर टोक मोकळं सोडून सरकगाठ मारा आणि अंगठ्यावर वेढा घेऊन टाके घाला. नवख्या हाताचे टाके हमखास घट्ट पडतात, पहिल्या ओळीत सुई आत शिरतच नाही. दोन्ही सुया एकत्र धरून त्यांच्यावर टाके घाला आणि मग एक सुई ओढून काढा. काम झालं.

आता सुलट टाका. टाक्यांची सुई डाव्या हातात, लोकर मागे. उजव्या सुईचं टोक पहिल्या टाक्यात डावीकडून घालून मागे काढा. दोन सुयांची फुली होईल, उजवी मागे. त्या मागच्या टोकाला लोकरीचा वेढा घड्याळाच्या उलट दिशेने द्या, तो टाक्यातून पुढे ओढून घ्या आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. करंगळीला लोकरीचा एक वेढा घेतला तर ताण सारखा राहतो.

इथे जरा थांबा आणि सुईवरचा टाका नीट बघा. दांडीवर वाळत घातलेल्या पंच्यासारखा त्याचा एक पदर पुढे असतो, एक मागे. दोन्हींतला उजवा पदर सुईच्या पुढच्या बाजूला हवा. डावा पुढे दिसला तर मागच्या ओळीत वेढा उलट दिशेने पडलाय, आणि तो नेहमीसारखा विणला तर टाक्याला पीळ बसतो. अशा वेळी मागच्या पदरातून विणा, टाका सरळ होईल.

आता वाढीव टाके. बहुतेक वेळा ते ओळीच्या सुरुवातीला येतात. ओळ संपवून काम फिरवलं की लोकर पहिल्या टाक्यापासून पुढच्या बाजूला लोंबत असते. सुलट विणायला ती मागे न्यायची असते, आणि घाईत ती सुईवरूनच मागे ओढली जाते. त्या ओढीने खालचा टाका वर चढतो, त्याचे दोन्ही पदर सुईवर शेजारीशेजारी बसतात आणि दोन टाक्यांसारखे दिसतात. आपण इमानदारीत दोन्ही विणतो. झाला एक टाका जास्त, आणि तो दर ओळीला होऊ शकतो, म्हणून चौकोन बघता बघता पंख्यासारखा रुंदावतो. उपाय साधा आहे: विणण्याआधी लोकर पुढे, खाली ओढून ठेवा, एकच टाका दिसेल. मग ती सुईच्या टोकाखालून मागे न्या.

दुसरं कारण ओळीच्या मध्ये. लोकर चुकून पुढे राहिली आणि तसाच सुलट टाका घेतला, तर ती सुईवर आडवी पडते. पुढच्या ओळीत तो टाका समजून विणला जातो आणि खाली भोक राहतं. (जाळीच्या विणीत हेच मुद्दाम करतात.) विणायच्या आधी लक्षात आलं तर तो आडवा धागा सुईवरून सरळ सोडून द्या, ढील शेजारच्या टाक्यांत मुरते. तिसरं कारण म्हणजे सुईचं टोक लोकरीच्या पिळात घुसून एका टाक्याचे दोन होणं.

ओळ अर्धवट ठेवून उठू नका. उठावंच लागलं तर परतल्यावर ज्या सुईला गुंड्याकडची लोकर लटकलेली आहे ती उजव्या हातात घ्या. सुया उलट धरल्या तर विणकाम मधूनच माघारी फिरतं.

सुलटच्या दोन ओळींचा एक वरंबा होतो, म्हणजे 48 ओळींना 24 वरंबे. या विणीत एका टाक्याची रुंदी साधारण एका वरंब्याच्या उंचीइतकी असते. म्हणून विणलेलं तिरकं दुमडून कोपऱ्याला कोपरा लावा. जुळला तर टाके शाबूत.

त्यानंतर उलट टाका: लोकर पुढे, सुई टाक्यात उजवीकडून, वेढा त्याच दिशेने, फक्त तो मागे ढकलायचा. एक ओळ सुलट, एक उलट विणली की गुळगुळीत वीण होते आणि ती गुंडाळते, बाजू मागे, वरखालच्या कडा पुढे. तो तुमचा दोष नाही, विणीचा स्वभाव आहे. चारही कडांना नुसत्या सुलट विणीची पट्टी ठेवा. या विणीत टाका सुटून शिडी पडली तर सुलट बाजूने क्रोशाची सुई टाक्यात घालून एकेक पायरी वर ओढत न्या.

टाके बंद करताना दोन विणा, पहिला दुसऱ्यावरून उचलून सुईवरून सोडून द्या, पुन्हा एक विणा. कड आवळत असेल तर उजव्या हातात 7 नंबरची, म्हणजे 4.5 मिमीची सुई घ्या. शेवटच्या टाक्यातून 15 सेंमी टोक ओढून काढा आणि ते बोथट सुईने मागच्या बाजूला वरंब्यांतून गुंतवा. गाठ नको. बाळाच्या कपड्यात तर नकोच, ती टोचते.