फाइल घेण्याआधी कागद मोजावेत

सत्राच्या पहिल्या आठवड्यात केलेली खरेदी आणि त्याच सत्राच्या आठव्या आठवड्यात खरोखर हाताशी असणाऱ्या वस्तू यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, हे उमगायला मला शिक्षणाची बरीच वर्षे घालवावी लागली. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक विषयासाठी वेगळ्या रंगाची फाइल, त्याच रंगाची वही, चिकट चिठ्ठ्यांचे गठ्ठे आणि नावे लिहायच्या पट्ट्या असा सगळा सरंजाम गोळा करीत असे. आठव्या आठवड्यात निळी फाइल फुगून उसवलेली असे, हिरवीत अभ्यासक्रमाच्या एका कागदाखेरीज काही नसे, आणि जो कागद तातडीने हवा असे तो दप्तराच्या तळाशी चुरगळलेला सापडे. त्या वस्तूंमध्ये दोष नव्हता. कागद येण्याआधीच मी त्यांची घरे बांधून ठेवली होती.

म्हणून आता पहिले दोन आठवडे मी एका साध्या फोल्डरखेरीज काहीही विकत घेत नाही. वर्गात मिळालेला, लिहिलेला, परत आलेला प्रत्येक कागद त्या एकाच फोल्डरमध्ये जातो, आणि दोन आठवड्यांनी मी तो जमिनीवर रिकामा करून कागदांचे ढीग लावते. बहुतेक वेळा चार ढीग होतात: स्वतः लिहिलेली टिपणे, शिक्षकांनी दिलेल्या छापील प्रती, तपासून परत आलेले लेखन, आणि वेळापत्रके किंवा अर्ज यांसारखे कार्यालयीन कागद. या ढिगांची उंची विषयागणिक इतकी वेगळी निघते की सर्व विषयांना एकसारखी फाइल देण्याची कल्पना तिथेच निकालात निघते. गणिताच्या विषयात स्वतःच्या हाताने लिहिलेले कागद ढिगाने असतात आणि छापील प्रत एखादीच असते. इतिहासासारख्या विषयात नेमके उलटे घडते.

कागद मोजण्यासाठी एकेक पान उलटण्याची गरज नाही. ए-४ आकाराचे सोळा कागद मिळून बरोबर एक चौरस मीटर भरतात, त्यामुळे ज्या कागदावर ८० जीएसएम असे लिहिलेले असते, म्हणजे ज्याचे वजन दर चौरस मीटरला ८० ग्रॅम असते, त्याचे एक पान ५ ग्रॅमचे होते. लहान तराजूवर ढीग ठेवला आणि वजनाला पाचाने भागले की संख्या हाती येते. तराजू नसेल तर पट्टी पुरते, कारण असे शंभर कागद नीट दाबून ठेवले तर साधारण एक सेंटिमीटर जाडी भरते. हाताळून फुगलेले कागद थोडी अधिक जागा घेतात. दोन आठवड्यांत एका विषयाचे ३० कागद जमले असतील, तर सोळा आठवड्यांच्या सत्रात सुमारे २४० जमतील, आणि मग एक इंची कडीची फाइल त्यांना अपुरी पडेल हे दुकानात जाण्याआधीच कळते.

यापुढचा प्रश्न शिवलेली वही घ्यावी की सुटे कागद, हा आहे, आणि त्यावर मी अनेकदा मत बदलले आहे. शिवलेल्या वहीचा मोठा गुण असा की तिच्यातले पान हरवत नाही आणि क्रम आपोआप राखला जातो. कोणत्या दिवशी काय शिकवले याचा तो एक विश्वासू दाखला असतो. तिचा दोष त्याच गुणातून निघतो. मंगळवारी शिकवलेल्या सिद्धान्ताला लागू पडणारी छापील प्रत पुढच्या सोमवारी मिळाली, तर ती त्या पानाशेजारी बसवता येत नाही. ती घडी घालून वहीत कोंबली जाते आणि चार अशा घड्या झाल्या की वहीचा कणा मोडतो. सुटे कागद ही अडचण सोडवतात, मात्र त्याबदल्यात शिस्त मागतात. प्रत्येक पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तारीख, विषयाचे दोन अक्षरी नाव आणि पानाचा क्रमांक लिहिण्याची सवय नसेल तर सुट्या कागदांच्या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. एकदा माझ्या हातातून साठेक कागद जिन्यावर पसरले होते. त्यांतील क्रमांक घातलेले कागद पाच मिनिटांत जागच्या जागी लागले आणि उरलेल्यांसाठी एक रविवार खर्ची पडला.

सध्या मी ज्या विषयात विचार एका ओळीत पुढे सरकतो, म्हणजे सिद्धान्त, सिद्धता आणि उदाहरणे अशी चढण असते, त्यासाठी शिवलेली वही वापरते. ज्या विषयात बाहेरून येणारे कागद अधिक असतात त्यासाठी सुटे कागद आणि कड्यांची फाइल वापरते. तारेच्या स्पायरल वहीबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. ती पूर्ण उलटी मोडता येते आणि अरुंद बाकावर मावते हे खरे. परंतु दप्तरात दाबली गेली की तिची तार वाकते, मग पाने अडकू लागतात, आणि फाडून काढलेल्या पानाची झालरीसारखी कड फाइलमध्ये कायम त्रास देते. ती घ्यायचीच असेल तर पान सरळ फाडता यावे म्हणून आत बारीक छिद्रांची रेघ असलेली घ्यावी.

कड्यांच्या फाइलचा इतिहास मोठा रंजक आहे. जर्मनीतील बॉन शहरातल्या फ्रीडरिश झ्योनेकेन याने १८८६ मध्ये कागदाला छिद्रे पाडणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि कड्यांची फाइलही त्याच्याच नावावर आहे. त्यानंतर दहा वर्षांनी स्टुटगार्टच्या लुई लाइट्झ याने तरफेने उघडणारी, जाड कण्याची फाइल बाजारात आणली, आणि तीच आज कार्यालयांच्या कपाटांत ओळीने उभी असते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग छिद्रांचा आहे. आयएसओ ८३८ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दोन छिद्रांच्या केंद्रांमध्ये ८० मिलिमीटर अंतर असते आणि छिद्राचे केंद्र कागदाच्या कडेपासून १२ मिलिमीटर आत असते. चार कड्यांच्या फाइलमध्ये याच दोन छिद्रांच्या वर आणि खाली आणखी प्रत्येकी ८० मिलिमीटरवर एकेक छिद्र येते, त्यामुळे चार छिद्रे पाडलेला कागद दोन कड्यांच्या फाइलमध्येही बसतो. अमेरिकी पद्धतीत मात्र तीन छिद्रे असतात आणि त्यांच्यातील अंतर सुमारे १०८ मिलिमीटर असते. छिद्रे पाडायचा पंच एका पद्धतीचा आणि फाइल दुसऱ्या पद्धतीची, अशी खरेदी करणे किती सोपे आहे हे मी स्वानुभवाने सांगू शकते.

दोन छिद्रांच्या तुलनेत चार छिद्रांनी कागद फाटण्याची शक्यता बरीच कमी होते, कारण पान उलटताना पडणारा ताण वाटला जातो. कडीचा आकारही पाहावा. गोल कडीत कागद वक्राकार सरकतात आणि त्यांच्या कडा एका रेषेत राहत नाहीत. इंग्रजी डी या अक्षरासारख्या कडीत ते सरळ उभे राहतात आणि त्याच मापात थोडे अधिक मावतात. दुकानात फाइल हातात घेतल्यावर कडी बंद करून तिच्या दोन टोकांच्या जोडावरून एक कागद सरकवून पाहावा. तो तिथे किंचितही अडकला, तर सत्रभर प्रत्येक कागद तिथेच अडकणार आहे. तरफेच्या जाड फाइलचा मोह विद्यार्थ्याने टाळावा, असे मला वाटते. तिच्यात सुमारे पाचशे कागद मावतात, म्हणजे भरल्यावर केवळ कागदांचेच वजन अडीच किलो होते. ती घरच्या फळीसाठी उत्तम आहे, खांद्यासाठी नाही.

आकाराच्या बाबतीत एकच कागद ठरवून त्याला चिकटून राहावे. ए-४ म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर. लीगल आकाराचा कागद त्याहून जवळजवळ ६ सेंटिमीटर लांब असतो आणि ए-४ फाइलमधून त्याची खालची कड बाहेर डोकावत राहते, मळते आणि दुमडते. ए मालिकेतल्या कागदांची सोय अशी की त्यांच्या लांबी-रुंदीचे गुणोत्तर कायम राहते, त्यामुळे ए-३ आकाराचा नकाशा किंवा आलेख मधोमध दुमडला की बरोबर ए-४ होतो.

आता प्लास्टिकविषयी, कारण इथे माझे खरे नुकसान झाले आहे. एका वर्षी मी सर्व महत्त्वाच्या छापील प्रती मऊ, चकचकीत, पारदर्शक आवरणांत घालून ठेवल्या. पुढच्या वर्षी उजळणीसाठी त्या बाहेर काढू लागले तेव्हा अक्षरे कागद सोडून प्लास्टिकला चिकटली होती आणि आवरणाच्या आतल्या बाजूला संपूर्ण परिच्छेद आरशातल्यासारखा उलटा वाचता येत होता. मऊ पीव्हीसीमध्ये लवचिकतेसाठी जी द्रव्ये मिसळलेली असतात, ती झेरॉक्स आणि लेझर छपाईच्या टोनरला सैल करतात. पॉलिप्रॉपिलीनच्या आवरणांत हा त्रास होत नाही. बाजारातली बरीच थोडी धुरकट, करकर वाजणारी आवरणे त्याचीच असतात, तरीही पाकिटावर नाव वाचून घेतलेले बरे. उष्णतेने छापलेल्या पावत्यांचा गुळगुळीत कागद तर कोणत्याही आवरणात टिकण्याची खात्री नसते. शुल्काची पावती तशी असेल तर मिळाल्या दिवशीच तिची झेरॉक्स काढावी आणि मूळ पावतीला ती जोडून ठेवावी.

या आवरणांची आणखी एक खोड अशी की ती कागदापेक्षा रुंद असतात. त्यामुळे विभाग पाडण्यासाठी घातलेल्या साध्या जाड पुठ्ठ्यांची बाहेर आलेली टोके त्यांच्यामागे दडून जातात आणि फाइल उघडल्यावर कोणता विभाग कुठे सुरू होतो हे दिसतच नाही. आवरणे वापरायची असतील तर जास्त रुंदीचे विभाजक पुठ्ठे मागून घ्यावेत. मी स्वतः आवरणांचा वापर छिद्रे पाडता न येणाऱ्या कागदांपुरता मर्यादित केला आहे. प्रत्येक कागद आवरणात घातला की त्यावर वर्गात दोन ओळी लिहिणेही अशक्य होते, आणि ज्यावर लिहिता येत नाही तो कागद हळूहळू वाचलाही जात नाही.

किरकोळ वस्तूंबद्दल थोडक्यात सांगते. स्टेपलरच्या पिनांवर २४/६ असे लिहिलेले असते, त्यातील दुसरा आकडा पिनेच्या पायाची मिलिमीटरमधील लांबी सांगतो. ही पिन वीसेक कागद सहज धरते, त्यापुढे बाइंडर क्लिप वापरावी. पिन डाव्या वरच्या कोपऱ्यात तिरकी मारली तर पाने उलटताना फाटत नाहीत आणि छिद्रांच्या आड येत नाही. ठळक करण्याची पेने इंकजेट छपाईवर आणि न वाळलेल्या जेल शाईवर फासली जातात, लेझर छपाईवर सहसा नाही. फाटलेल्या छिद्रांसाठी चिकट गोल चकत्या मिळतात. त्यांची एक पट्टी फाइलच्या आतल्या खिशात असावी. पंच मात्र चांगला घ्यावा आणि त्याची सरकती पट्टी ए-४ या खुणेवर घट्ट बसवून ठेवावी, नाहीतर प्रत्येक कागदाची छिद्रे थोडी वरखाली पडतात आणि फाइलची कड करवतीसारखी दिसू लागते.

अनेक कप्प्यांची, हार्मोनियमच्या भात्यासारखी उघडणारी फाइल मला टिपणांसाठी निरुपयोगी वाटते, कारण तिच्यात कागद खाली घसरून वाकतात आणि कप्प्यातले एक पान पाहण्यासाठी सगळा गठ्ठा उपसावा लागतो. परत आलेले लेखन आणि कार्यालयीन कागद या दोन ढिगांसाठी ती सोयीची आहे, कारण ते वरचेवर लागत नाहीत. रंगांचेही तसेच. मी पूर्वी विषयाला रंग देत असे. आता रंग दोनच आहेत, एक काम बाकी असलेल्या कागदांचा आणि दुसरा काम संपलेल्यांचा. दोन विषयांना लागू असलेली छापील प्रत कोणत्या रंगात घालावी, या विचारात पूर्वी जो वेळ जाई आणि अखेर ती प्रत टेबलावरच राही, तो प्रसंग त्यामुळे टळला.

रोज बरोबर नेण्याची फाइल बारीक आहे, सर्व विषयांची मिळून एक, आणि तिच्यात फक्त चालू दोन आठवड्यांचे कागद असतात. शनिवारी त्यांतले जुने कागद घरच्या मोठ्या फाइलमध्ये जातात. या कामाला वीस मिनिटे पुरतात. सत्र संपल्यावर मोठी फाइल रिकामी करते, प्रत्येक विषयाचे कागद वर-खाली एकेक जाड पुठ्ठा ठेवून धातूच्या टोकांच्या टॅगने बांधते आणि वर एका पानावर तारीखवार अनुक्रमणिका लावते. टॅगने बांधलेला गठ्ठा कडीच्या फाइलच्या मानाने कितीतरी कमी जागा घेतो आणि पुन्हा हवा तेव्हा त्याच छिद्रांवर फाइलमध्ये परत बसतो. गेली तीन सत्रे मी तीच एक मोठी फाइल वापरत आहे. तिच्या कण्यावरची चिठ्ठी तेवढी दर वेळी नवी लावावी लागते.